मलमलीचा झगा आणि ‘सभ्य’ प्रेक्षक

थ्रेड

१/ युरोपीय बॅलेच्या चाहत्यांमध्ये एक तक्रार कधी जुनी होत नाही. पूर्वीचा प्रेक्षक म्हणे सभ्य होता. तो ठेवणीतले कपडे घालून येई, वेळेवर येई, नृत्य चालू असताना श्वासही जपून घेई. आताचा प्रेक्षक जीन्समध्ये येतो, भलत्या जागी टाळ्या पिटतो, सज्जात पुढे वाकून मागच्याचा रंगमंच झाकतो आणि ‘नटक्रॅकर’ला कुरकुरणारी मुले घेऊन येतो. ही तक्रार करणाऱ्यांना एकच प्रश्न विचारायला हवा : हे ‘पूर्वी’ नेमके कोणत्या साली होते?

२/ उत्तरासाठी पॅरिसकडे वळावे लागते. पायाच्या बोटांच्या टोकांवर तरंगणारी नर्तकी, पांढऱ्या मलमलीचा घेरदार झगा आणि चांदण्यातील अतृप्त आत्मे हे आज बॅलेचे सर्वपरिचित चित्र आहे. ते तेथील ऑपेरागृहात अवघ्या दहा वर्षांत आकाराला आले. १८३१ साली ‘रोबेर ल द्याब्ल’ या ऑपेरातील मृत जोगिणींचे नृत्य झाले, १८३२ साली मारी ताग्लिओनीची ‘ला सिल्फीद’ आली आणि १८४१ साली ‘जिझेल’. बॅलेचा सुवर्णकाळ म्हणतात तो हाच. तेव्हा सभ्य प्रेक्षकाचा शोधही येथेच घेतला पाहिजे.

३/ प्रथम टाळ्या. योग्य जागी टाळी वाजवणे हे रसिकतेचे लक्षण मानले जाते. त्या काळी पॅरिसमध्ये योग्य जागा आधीच ठरलेली असे, कारण टाळ्या विकत मिळत. भाडोत्री टाळ्या वाजवणाऱ्या टोळीला ‘क्लाक’ म्हणत आणि ऑपेराच्या टोळीचा नायक होता ओग्युस्त. तो तालमींना बसे, संचालक लुई व्हेरों याच्याशी बोलून कुठे किती कडकडाट करायचा ते ठरवी आणि प्रयोगाच्या रात्री आपली माणसे प्रेक्षागृहात पेरून ठेवी. मोबदल्यात त्याला तिकिटे मिळत. ती तो विकून खाई. ही बदनामी शत्रूंनी पसरवलेली नाही. व्हेरोंने स्वतःच्या आठवणींत ओग्युस्तविषयी कौतुकाने लिहिले आहे.

४/ आता पोशाख. ऑपेराच्या उत्तम जागा वर्षभरासाठी धरणाऱ्या वर्गणीदारांत जॉकी क्लबचे सभासद होते. काळा कोट, पांढरे हातमोजे, उंच टोपी. आजच्या कुठल्याही पोशाख-नियमात ते शंभर टक्के उत्तीर्ण झाले असते. वेळेचे मात्र त्यांना वावडे होते. रात्रीचे जेवण आटोपल्याखेरीज ते येत नसत. म्हणून बॅले दुसऱ्या अंकात किंवा त्यानंतर असावे असा दंडकच पडला होता. अंकांची मांडणी जेवणाच्या घटिकेवरून ठरत होती.

५/ १८६१च्या मार्चमध्ये वाग्नरने ‘टान्हॉयझर’ पॅरिसला आणताना हा दंडक मोडला आणि बॅले पहिल्या अंकात घातले. क्लबवाले शिट्ट्या घेऊन आले. तिन्ही प्रयोगांत त्यांनी असा गोंधळ घातला की वाग्नरने ऑपेरा मागे घेतला. हुल्लड करणारे हे लोक त्या सभागृहातील सर्वांत चांगले कपडे घातलेले लोक होते, हे तक्रारखोरांनी ध्यानात ठेवावे.

६/ इथे एक गंमत आहे. पंधरा वर्षांनी, १८७६ साली, त्याच वाग्नरने बायरॉइथला स्वतःचे नाट्यगृह उघडले. प्रयोग सुरू झाल्यावर तिथे प्रेक्षागृहात अंधार असे आणि सर्वांचे डोळे रंगमंचाकडे लागलेले असत. १८९७पासून व्हिएन्नाच्या ऑपेराची सूत्रे हाती घेतल्यावर माहलरने उशिरा येणाऱ्यांना दाराबाहेर थोपवले आणि भाडोत्री टाळकऱ्यांवर बंदी आणली. अंधार, शांतता, वक्तशीरपणा ही ज्या शिष्टाचाराची अंगे, तो अशा माणसांनी रुजवला. ते ऑपेराचे सुधारक होते, आणि त्यांच्यातील अग्रणी तर बॅलेच्या शौकिनांच्याच हातून पोळलेला होता. बॅलेचे चाहते ज्याला आपली परंपरा म्हणतात, तो त्यांच्याच पूर्वजांना घातलेला लगाम आहे.

७/ रशियाकडे बोट दाखवून सुटका होत नाही. पीटर्सबर्गचे ‘बॅलेटोमान’ आवडलेले नृत्य पुन्हा करायला लावत. संगीत नाटकांतील ‘वन्स मोअर’च्या आठवणी ज्याने घरच्या वडीलधाऱ्यांकडून ऐकल्या आहेत, त्या मराठी वाचकाला ही हौस परकी वाटणार नाही. ताग्लिओनीने शहर सोडल्यावर तिच्या नृत्याच्या जोड्याचा लिलाव होऊन चाहत्यांनी तो शिजवून खाल्ला, अशी आख्यायिका आहे. ती खरी असो वा नसो, कोणत्या प्रेक्षकाबद्दल ती सांगितली जाते हे पुरेसे बोलके आहे. १८९२ साली ‘नटक्रॅकर’चा पहिला प्रयोग झाला तेव्हा समीक्षकांचीही मुलांविषयी तक्रार होतीच, पण रंगमंचावर फार मुले आहेत अशी.

८/ हे सारे हसण्यावारी नेता आले असते. पुढचे येत नाही.

९/ व्हेरोंने संचालकपदी आल्यावर नर्तकींच्या सरावाची व विश्रांतीची जागा, ‘फ्वाये द ला दांस’, वर्गणीदारांसाठी खुली केली. प्रयोगापूर्वी आणि मध्यंतरात हे सभ्य गृहस्थ तिथे जात. नर्तकी बहुधा गरीब घरांतल्या असत. शाळेतल्या लहान मुलींना ‘छोटे उंदीर’ म्हणत. तुटपुंज्या वेतनावर घर चालत नसे आणि घर चालवू शकणारे गृहस्थ समोर उभे असत. हा सौदा कुणाला लपवावासाही वाटत नव्हता. दगाच्या चित्रांत नाचणाऱ्या मुलीमागे, पडद्याच्या कडेला, काळ्या कोटातला एक पुरुष वारंवार उभा दिसतो. अनेकदा त्याला डोके नसते, कारण चित्रात तो पडद्याने अर्धवट झाकला जातो. चित्रकाराला कल्पनेने काही भर घालावी लागली नव्हती.

१०/ या नजरेने नृत्यही बदलले. पुरुष नर्तक वर्गणीदारांना नकोसे होऊ लागले, तेव्हा त्यांच्या भूमिका स्त्रियांना दिल्या गेल्या. १८७० साली ‘कोपेलिया’ रंगमंचावर आले त्यात नायक फ्रान्झ एजेनी फ्योक्र या नर्तकीने केला. घट्ट विजारीतले स्त्रीचे पाय दिसावेत, ही त्यामागची कलादृष्टी.

११/ आणि आता एमा लिव्हरी. जन्म १८४२. आई ऑपेरातली नर्तकी, वडील एक बॅरन, लग्न झालेले नाही. सोळाव्या वर्षी तिने ‘ला सिल्फीद’च्या मुख्य भूमिकेत पदार्पण केले. वृद्धत्वाकडे झुकलेल्या ताग्लिओनीने तिला शिष्या केले आणि १८६० साली तिच्यासाठी ‘ल पापियों’ (फुलपाखरू) रचले, संगीत ऑफेनबाखचे. कथेत फुलपाखरू झालेली नायिका मशालीच्या ज्योतीकडे ओढली जाते आणि तिचे पंख होरपळतात. पुढे काय होणार हे कुणाला ठाऊक नव्हते, एवढेच या योगायोगाबद्दल म्हणता येते.

१२/ काय होऊ शकते हे मात्र सर्वांना ठाऊक होते. रंगमंच गॅसच्या उघड्या ज्योतींनी उजळलेला असे, समोरून आणि विंगांतूनही. नर्तकीचा झगा म्हणजे पातळ सुती मलमलीचे एकावर एक थर आणि प्रत्येक थरामध्ये खेळती हवा. आगीला याहून सोयीचे काही नसते. १८४४ साली लंडनच्या ड्रुरी लेन नाट्यगृहात क्लारा वेब्स्टर प्रेक्षकांसमोर पेटली आणि काही दिवसांत मेली. १८६१ साली फिलाडेल्फियात एकीच्या कपड्यांनी पेट घेतला, मदतीला धावलेल्याही पेटल्या, आणि किमान सहा नर्तकी गेल्या.

१३/ उपायही माहीत होता. कार्तरों नावाच्या गृहस्थाने कापड क्षारांच्या द्रावणात भिजवून अग्निरोधक करण्याची रीत काढली होती. २७ नोव्हेंबर १८५९ च्या शाही फर्मानाने नाट्यगृहांतील पडदे आणि पोशाख त्या रीतीने भिजवणे सक्तीचेही झाले. अडचण एकच : भिजवलेली मलमल ताठ आणि मळकट दिसे. तिच्यातले तरंगणे जाई. लिव्हरीने असा झगा नाकारला आणि जे होईल त्याची जबाबदारी आपली, असे संचालकांना लिहून दिले. तेव्हा ती सतरा-अठरा वर्षांची होती.

१४/ १५ नोव्हेंबर १८६२. ‘ला म्युएत द पोर्तिची’ या ऑपेराची रंगीत तालीम. लिव्हरीकडे मुक्या फेनेलाची भूमिका होती. प्रवेशाची वाट पाहत बसलेली ती उठली आणि चुरगळलेला झगा तिने फुलवला. हवेच्या झोताने जवळची ज्योत भडकली. पेटलेल्या अवस्थेत ती रंगमंचभर धावली. एका बंबवाल्याने तिला गाठून घोंगडीत गुंडाळले तोवर फार उशीर झाला होता. त्यानंतर ती आठ महिने जगली. २६ जुलै १८६३ रोजी मेली तेव्हा तिला एकविसावे लागलेले होते.

१५/ या मृत्यूची गोष्ट दीडशेहून अधिक वर्षे एकाच सुरात सांगितली जाते : हट्टी मुलगी, दिसण्याचा सोस, त्यासाठी जीव गेला. भाजल्यानंतरही ‘ते झगे कुरूपच’ असे ती म्हणाल्याचे सांगतात आणि ऐकणारा मान हलवतो. बॅलेच्या इतिहासातील अनेक भाकडकथा निरुपद्रवी आहेत. ही तशी नाही, कारण तिने खुनशी सोयीस्करपणाने दोष मेलेल्या मुलीच्या पदरात टाकला आहे.

१६/ फर्मान ही त्या मुलीची खासगी मालमत्ता नव्हती की तिने ते माफ करावे. नियम नाट्यगृहावर होता. नाट्यगृहाने तो एका अल्पवयीन मुलीच्या चिठ्ठीवर खुंटीला टांगला. ज्योती उघड्या ठेवणारे तेच, तालमीचे वेळापत्रक आखणारे तेच, आणि तिच्या नावावर तिकिटे विकणारेही तेच. कारखान्याच्या मालकाने बालकामगाराकडून ‘बोट तुटल्यास मी जबाबदार’ असे लिहून घेतले, तर आज त्याला कुणी बालकाचा हट्ट म्हणेल काय?

१७/ आणि ‘कुरूप’ हे तिने कुठून शिकले? मळकट झगा घातलेली सिल्फीद पहिल्या रांगेला चालली नसती. नर्तकीचे वेतन, भूमिका, टाळ्यांचा दर आणि फ्वायेतली किंमत ज्या डोळ्यांवर ठरत होती, त्याच डोळ्यांनी ती आरशात पाहत होती. तिचा हट्ट तिच्या धंद्याचे अचूक ज्ञान होता.

१८/ पोशाखाचे नियम कुणासाठी वाकत आणि कुणासाठी नाही, हे रशियातही दिसले. मातिल्दा क्शेसिन्स्कायाने ‘कामार्गो’ बॅलेत कमरेभोवतीचा ठरलेला सांगाडा घालायला नकार दिला. संचालक वोल्कोन्स्की यांनी दंड ठोठावला. तिने थेट झारकडे धाव घेतली, दंड रद्द झाला आणि १९०१ साली राजीनामा संचालकांनाच द्यावा लागला. दहा वर्षांनी, १९११ साली, निजिन्स्कीने ‘जिझेल’मध्ये घट्ट विजारीवरची नेहमीची आखूड चड्डी घातली नाही. राजघराण्यातील मंडळी समोर होती. त्याला नोकरीवरून काढले. स्त्रीचे पाय पाहण्यासाठी फ्रान्झची भूमिका स्त्रीला देणारे जग आणि पुरुषाचे पाय दिसले म्हणून लाजणारे जग वेगवेगळे नव्हते.

१९/ एक गोष्ट मान्य केलीच पाहिजे. अंधारात उजळलेला फोनचा पडदा खरोखर त्रासदायक असतो, आणि गिरकीच्या मध्यावर डोळ्यांवर आलेला कॅमेऱ्याचा लखलखाट नर्तकाला पाडू शकतो. ते बंद ठेवायला सांगणारा माणूस बरोबर आहे. तो नाचणाऱ्याच्या देहाची काळजी करतो आहे. शेजाऱ्याच्या जीन्सवर रागावणारा माणूस नाचणाऱ्याची कसली काळजी करतो, हे त्याने सांगावे. शिष्टाचार या एकाच नावाखाली दोघांना बसवणे हा दुसऱ्यावर केलेला उपकार आहे.

२०/ १८७५ साली पॅरिसमध्ये नवे ऑपेरागृह उघडले, पॅले गार्निये. रंगमंचाच्या मागे, वर्गणीदारांची सोय पाहून, सोन्याने मढवलेला नवा फ्वाये बांधण्यात आला होता. तोवर लिव्हरीला जाऊन बारा वर्षे होत आली होती. त्याच इमारतीत ऑपेराचे ग्रंथालय आणि संग्रहालय आहे. तिच्या झग्याचे जळलेले तुकडे त्या संग्रहात ठेवलेले आहेत. तेवढेच उरले आहेत.