लाईटला उगाच शिव्या

मोठ्या मावशीने परवा फोनवर पुन्हा विचारलं, "अरे, आईच्या कॅसेट्सचं काय झालं?" आई म्हणजे तिची आई, माझी आजी. तीन महिने मी मावशीला एकच उत्तर देत होतो. लाईटचा प्रॉब्लेम आहे गं, पीसी सारखा बंद पडतो.

मावशी, आज खरं सांगतो. लाईटचा काही दोष नव्हता. दोष माझाच होता.

ओव्हरक्लॉकिंगचा किडा मला कॉलेजपासूनचा. १९९८ साली इंटेलचा सेलेरॉन ३००ए आला. बस स्पीड ६६ वरून १०० मेगाहर्ट्झ केला की ३०० चा प्रोसेसर ४५० वर पळायचा. दीडपट वेग, तोही फुकटात! खिशात पैसे नसलेल्या पोरांना याहून मोठी चैन कुठली? ती खोड या वयातही गेली नाही. घरचा आत्ताचा पीसी भरपूर काम पडलं की आपणहून ३.९ गिगाहर्ट्झवर चालतो. मी बायोसमध्ये जाऊन तो ४.२ वर अडकवला, व्होल्टेज १.२ चं १.३५ केलं, आणि विसरून गेलो.

मार्चपर्यंत सगळं छान. एप्रिलमध्ये खोली तापायला लागली, आणि एका दुपारी स्क्रीन अचानक काळी, पीसी पहिल्यापासून सुरू. ना निळी स्क्रीन, ना मेसेज. वर पंखा फिरतोय, ट्यूब मिणमिणलीसुद्धा नाही.. तरी मी लाईटला शिव्या देत यूपीएस आणला. मग रॅम काढून खोडरबरने घासली. थर्मल पेस्ट नवी लावली. एसएमपीएससुद्धा बदलला. घरातल्या सगळ्यांची झडती घेतली, फक्त स्वतःची सोडून.

विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये दर वेळी 'कर्नल-पॉवर ४१' दिसायचं. 'पॉवर' वाचून मला चेवच आला, बघा, लाईटच! पण ४१ चा अर्थ एवढाच की आधी मशीन रीतसर बंद झालं नव्हतं. तो पंचनामा आहे, निकाल नव्हे. त्याच्याच शेजारी 'डब्ल्यूएचईए-लॉगर १८' अशी ओळ होती, म्हणजे प्रोसेसरमधली चूक मशीनने स्वतःच लिहून ठेवली होती. ती मी तीन महिने उघडून वाचलीच नाही.

शेवटी बायोसमध्ये 'डिफॉल्ट' केलं. दोन मिनिटांचं काम. त्यानंतर आज तीन आठवडे झाले, एकही रिस्टार्ट नाही.

आता तुम्ही म्हणाल, मिळाला धडा, विषय संपला. पण मला हिशेब करावासा वाटला. ३.९ चे ४.२ म्हणजे वेग जेमतेम आठ टक्के जास्त. तासाभराचं काम चार-साडेचार मिनिटं आधी संपणार. आणि प्रोसेसरला लागणारी वीज वेगाच्या प्रमाणात, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ढोबळमानाने माझा प्रोसेसर छत्तीस टक्के जास्त वीज खात होता आणि तेवढाच जास्त तापत होता. सेलेरॉनच्या काळी कंपनी बरंच काही शिल्लक ठेवायची, आज प्रोसेसर स्वतःच जमेल तितका पळतो. आपल्यासाठी फार काही उरतच नाही.

म्हणून माझं मत असं : ज्या पीसीवर घरातली कामं होतात, तो ओव्हरक्लॉक करू नये. हौस असेल तर वेगळं मशीन घ्यावं. आणि पीसी आपोआप रिस्टार्ट व्हायला लागला तर स्क्रूड्रायव्हर शोधण्याआधी आपण केलेले बदल मागे घ्यावेत. सगळे. रॅमचा एक्सएमपीसुद्धा, कारण तेही ओव्हरक्लॉकिंगच. मग एकेक परत चालू करून बघावं, रॅमसाठी रात्रभर मेमटेस्ट लावावी. पीसी बंद पडतो तेव्हा निदान कळतं तरी. न पडता एखादी फाईल गुपचूप बिघडवतो, ते कळतही नाही.

असो. आता मावशीला फोनवर जे सांगता आलं नाही ते. आजीच्या जात्यावरच्या ओव्यांची १९८७ ची कॅसेट मी रेकॉर्ड करत होतो. धीर नाही, म्हणून त्याच वेळी दुसऱ्या कॅसेटची खरखर काढायचं काम पीसीला लावलेलं. मधेच रिस्टार्ट झाला, रेकॉर्डिंग गेलं. पुन्हा कॅसेट लावली तर टेप गुंडाळली आणि तुटली. चिकटवली, पण एका ओवीचा मधला भाग गेला तो गेलाच.

बाकी सगळं नीट उतरवलंय. रविवारी पेन ड्राईव्ह घेऊन येतो. ती ओवी तुला पाठ असेल ना गं मावशी? असेल तर तुझ्याच आवाजात रेकॉर्ड करू. या वेळी पीसी दुसरं काहीही करत नसेल.