कडू लागलं का?

या आठवड्यात सिंगापूरच्या नोव्हेनात एक दाढी गेली. माझी भाची तिथल्या एका रुग्णालयात परिचारिका आहे. तिच्या वॉर्डातल्या तरुण डॉक्टरने तेल लावून जोपासलेली ही दाढी एन-९५ मास्कपायी उतरवावी लागली. दाढीवर हा मास्क घट्ट बसत नाही, कडेने हवा शिरते. ते तपासायची तऱ्हाही गमतीची. मास्क लावलेल्या माणसाच्या डोक्यावर टोप चढवतात, आत कडू द्रावणाचा फवारा मारतात आणि मान वर-खाली, डावी-उजवीकडे करत मोठ्याने बोलायला लावतात. जिभेला कडू लागलं की मास्क नापास! आणि आधी मास्कशिवाय कडू कळतं की नाही, हेही बघतात. कारल्याची भाजी आवडीने खाणारी आमची भाची तिथेच अडते की काय, अशी मला काळजी होती.

हे जेवताना सांगितलं, तर आमचे नाना म्हणाले, "आता कुठाय कोरोना? उगाच नाटकं."

नोव्हेनात उभं राहून असं बोलू नये. २२ मार्च २००३ला इथलं टॅन टॉक सेंग रुग्णालय सार्ससाठी राखीव झालं. सिंगापुरात २३८ जणांना सार्स झाला, ३३ गेले. बाधितांपैकी जवळपास चाळीस टक्के रुग्णालयांतलेच कर्मचारी होते. त्या धड्यातून ३३० खाटांचं राष्ट्रीय संसर्गजन्य रोग केंद्र शेजारीच उभं राहिलं. त्याचं औपचारिक उद्घाटन सप्टेंबर २०१९मध्ये झालं, आणि २३ जानेवारी २०२०ला देशातला पहिला कोविडरुग्ण सापडला.

नानांना भाचीने उत्तर दिलं नाही. रात्रपाळी होती, ती डबा भरत होती. पण २०२०मध्ये ती मला म्हणाली होती, "मामा, वॉर्डात भीती वाटत नाही. तिथे काय घालायचं, कुठल्या क्रमाने काढायचं, सगळं पाठ आहे. भीती घराच्या दारात वाटते." पोराला जवळ घ्यायचं की नाही, ते वॉर्डात कुणी शिकवत नाही. रजा बंद, विमानं बंद, साताऱ्याला आई एकटी. आणि लिफ्ट! गणवेशातल्या भाचीला बघून एक गृहस्थ "तुम्ही जा, मी मागून येतो" म्हणाले. त्यांचं घर चौदाव्या मजल्यावर. तेव्हापासून ती कपडे बदलूनच घरी निघायची. टॅक्सीवालेही अशांना टाळत, इतके की फेब्रुवारी २०२०मध्ये ग्रॅबने आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी वेगळी सेवा काढली.

मग ३० मार्चला रात्री आठ वाजता देशभर टाळ्या झाल्या. आमचे चौदाव्या मजल्यावरचे गृहस्थ गॅलरीत येऊन सगळ्यांत जोरात वाजवत होते. आपल्याकडे भारतात तरी काय वेगळं? २२ मार्चला थाळ्या बडवल्या, आणि महिन्याभरात आरोग्य कर्मचाऱ्यांवरचे हल्ले अजामीनपात्र करणारा वटहुकूम केंद्राला काढावा लागला. २०२१च्या एप्रिलअखेरीस टॅन टॉक सेंगच्या एका वॉर्डात साथ शिरली, तेव्हा तिथल्या कर्मचाऱ्यांना वाळीत टाकू नका, असं लोकांना पुन्हा सांगायची वेळ आली. लस आली होती तरी!

रुग्णालयं मास्क तपासतात, खाटा मोजतात, कवायती करतात. कवायतीत नसतो तो शेजारी, आणि परिचारिकेची अर्धी धास्ती त्याच्याच दाराशी असते. टाळ्यांना माझी ना नाही, फुकटच असतात. पण तुमच्या मजल्यावर रुग्णालयात काम करणारं कुणी राहत असेल, तर आजच त्यांचा नंबर घ्या. साथ आली तर पोराला शाळेतून कोण आणेल, भाजी कोण आणून देईल, हे आत्ताच बोलून ठेवा. आमच्या मजल्यावर अशी यादी केली आहे. पहिलं नाव नानांचं आहे. त्यांना न विचारता घातलंय.