गोदावरीचं माहेर



नागपूरच्या माणसाने युद्धनौकेवर लिहावं म्हणजे गंमतच! पण आपल्या नाग नदीचं पाणी कन्हान, वैनगंगा, प्राणहिता असं फिरत शेवटी गोदावरीलाच मिळतं ना... तेव्हा 'गोदावरी' नावाच्या जहाजाबद्दल बोलायचा थोडा हक्क आपलाही.

'आयएनएस गोदावरी' १९५३ साली आपल्या नौदलात आली. ही ब्रिटिशांची वापरलेली विनाशिका. अशा जहाजांचा विषय निघाला की 'इंग्रजांनी जुनं सामान गळ्यात मारलं' असं म्हणून आपण मोकळे होतो. मला ते पटत नाही.

हिचं मूळ नाव 'बीडेल', वर्ग 'हंट'. मोठ्या विनाशिका महाग पडत, म्हणून व्यापारी तांड्यांच्या सोबतीला इंग्लंडने ही हजारेक टनांची लहान जहाजं काढली. पहिलं जहाज तयार झालं आणि आकडेमोडीतली चूक उघडी पडली. वरचा भार जास्त, कलंडायची भीती! मग पहिल्या जहाजांवर सहाऐवजी चारच तोफा ठेवल्या आणि पुढच्या जहाजांची रुंदी वाढवली. बीडेल या सुधारलेल्या जहाजांपैकी, म्हणून तिला सहा तोफा पेलल्या.

१९४२ मध्ये ती पोलंडच्या नौदलाकडे गेली. नाव झालं 'श्लोंझाक', म्हणजे सायलेशियाचा माणूस. खलाशांचा देश शत्रूच्या ताब्यात आणि ते परक्या बंदरांतून लढताहेत! १९ ऑगस्ट १९४२ ला फ्रान्समधल्या दिएपवरचा हल्ला फसला. सुमारे ५००० कॅनेडियन सैनिकांपैकी ९०० हून अधिक मारले गेले. त्या धुमश्चक्रीत श्लोंझाकने काही सैनिकांना वाचवून आणलं. पुढे सिसिली झालं, ६ जून १९४४ ला नॉर्मंडीही झालं. १९४६ साली ती इंग्लंडला परत गेली.

आता गंमत पाहा. ही लढाई चालू असतानाच, १९४३ पासून, आपल्या कोल्हापूरजवळ वळिवड्याला जवळपास ५००० पोलिश निर्वासित राहत होते, त्यात बायका-मुलंच जास्त. वळिवड्याची आठवण आपण हल्ली कौतुकाने काढतो. वॉर्सात कोल्हापूरचं स्मारक आहे, २०२४ मध्ये पंतप्रधान तिथे जाऊन आले. छानच झालं. पण आपण केलेला पाहुणचार लक्षात ठेवणं सोपं असतं हो. पोलिश खलाशांनी जीव धोक्यात घालून चालवलेलं जहाज पुढे आपल्या किनाऱ्यांची राखण करायला आलं, हे किती जणांना ठाऊक आहे?

लग्नात ताटातल्या तांदळांत सुनेचं नवं नाव लिहायची आपल्याकडे रीत आहे. पण म्हणून तिचं माहेर पुसलं जात नाही. पुसलं, तर नुकसान सासरचंच. या जहाजाचं मात्र आपण तसंच केलं.

जुनी गोदावरी १९७६ मध्ये मालदीवजवळ खडकावर चढली आणि पुढे मोडीत निघाली. १९८३ मध्ये त्याच नावाची नवी युद्धनौका आली, आराखडा आपल्या नौदलाचा आणि बांधणी मुंबईच्या माझगाव डॉकची. तीही २०१५ साली निवृत्त झाली. नवीचा अभिमान नातवंडांना जरूर सांगा. पण जुनीबद्दल बोलताना 'सेकंडहँड' एवढ्यावर थांबू नका. इतिहास शिकवताना सनावळ्या आपण पाठ करून घेतो, पण कोणाचं देणं लागतो हे सांगायचं राहून जातं.

असो. तुम्हाला काय वाटतं, जरूर कळवा.