गाण्यांतून जुळवलेला धर्म खोटा कसा?

संपादक महोदय,

बाल्टिक देशांतील पेगन पंथांवरचा आपला लेख वाचला. लोकगीतांच्या वह्या उघडून जुळवलेला धर्म, अशी त्यात संभावना केली आहे. जुळवलेला आहेच, त्यात कमीपणा कसला?

लिथुआनिया १३८७ साली ख्रिस्ती झाला. त्याआधीच्या देवांविषयी लिहून ठेवलेले जे सापडते, ते बहुतेक ख्रिस्ती धर्मगुरूंचे आणि बखरकारांचे, म्हणजे विरुद्ध पक्षाचे. कुणब्यांची बाजू राहिली ती गाण्यांत, उखाण्यांत, सणावारांत. शेजारच्या लाटव्हियात क्रिश्यानिस बारोन्स यांनी १८९४ ते १९१५ या काळात सुमारे २ लाख १८ हजार दायना, म्हणजे लोकगीते, छापली. बहुतेक चारच ओळींच्या. त्यांत सूर्य ही बाई आहे आणि नशीब ठरवणारी लाइमा बाळंतिणीपाशी येते. पोथी नसलेल्या माणसांनी याचाच आधार घ्यायचा नाही, तर कशाचा?

लेखकाचा एक आक्षेप मात्र खरा आहे. ही गाणी टिपली गेली ती पिढ्यानपिढ्या चर्चमध्ये जाणाऱ्यांच्या तोंडून. १९२५च्या सुमारास लाटव्हियात दिएवतुरी पंथ उभा करणाऱ्या एर्नेस्ट्स ब्रास्तिन्श यांनी त्यांतला ख्रिस्ती अंश खरवडून उरलेले ते शुद्ध, असे धरले. हा हट्ट मला पटत नाही. दायनांचा जन्म-लग्न-मृत्यू हा क्रमसुद्धा बारोन्स यांनी लावलेला आहे, गाणाऱ्या बायांनी नव्हे.

पण धर्म काही केवळ पुराव्यावर चालत नाही. १९६७ साली लिथुआनियातील केर्नावे येथे योनास त्रिंकूनास आणि सोबत्यांनी उन्हाळी अयनदिनाचा उत्सव पुन्हा सुरू केला. सोव्हिएत सत्तेने त्यांची संघटना मोडली, त्रिंकूनास यांची विद्यापीठातली नोकरी गेली. तरी गाणे थांबले नाही. अनेक गळ्यांनी एकमेकांत गुंफून गायच्या 'सुतार्तिनेस' गावांतून जवळपास लोपल्या होत्या. संग्रहांतल्या नोंदींवरून त्या पुन्हा गळ्यावर चढवल्या गेल्या आणि आज रोमुवा या लिथुआनियातील पेगन पंथाचे लोक अग्निवेदीपुढे त्या गातात. मधे खंड पडला म्हणून आजचे गाणे खोटे ठरत नाही.

२०१९ मध्ये लिथुआनियाच्या संसदेने रोमुवाला राज्यमान्यता नाकारली. कॅथलिक बिशपांचा विरोध होताच. स्ट्रासबर्गच्या मानवी हक्क न्यायालयाने २०२१ मध्ये हा भेदभाव ठरवला आणि डिसेंबर २०२४ मध्ये संसदेला मान्यता द्यावी लागली. आपल्या लेखात हे सारे एका ओळीत उरकले आहे. परंपरा किती जुनी, हे मोजून नागरिकांचे हक्क ठरवायचे का, हा खरा वाद त्या निकालात होता. त्यावर लेखकाने लिहायला हवे होते.

— एक वाचक, सांगली