ट्रॅक्टरच्या लिफ्टचें तेल व आपली हयगय

ट्रॅक्टरची लिफ्ट नांगर उचलीनाशी झाली, म्हणजे आपण कंपनीस नाहीं तर ड्रायव्हरास बोल लावितों. आमच्या मतें दोष बहुधा हायड्रॉलिक तेल सांठविण्याच्या व ओतण्याच्या रीतींत असतो. पंपांतील फटी मिलिमीटरच्या कांहीं हजारांश भागांइतक्याच असतात. त्यांस खरवडणारे कण नुसत्या डोळ्यांस दिसतच नाहींत. तेव्हां ‘तेल स्वच्छ दिसतें’ या म्हणण्यास अर्थ नाहीं.

पिंप उघड्यावर उभें ठेवण्याची चाल तर फारच घातक. पावसाचें पाणी वरच्या पत्र्यावर सांचतें. दिवसां तापलेलें पिंप रात्रीं निवालें कीं आंतील हवा आकसते, व बूच घट्ट असूनही आट्यांवाटे तें पाणी आंत ओढलें जातें. तेल दुधाळ दिसूं लागेपर्यंत पंपाचें नुकसान सुरू झालेलें असतें. पिंप छपराखालीं आडवें, दोन्ही बुचें तेलाखालीं राहतील असें ठेवावें.

जमाखर्चाची वही कोरीकरकरीत ठेवणारे गृहस्थ तेल ओतावयास मात्र गोठ्यांतलें भांडें घेतात! ऐन वाफशावर पेरणी अडली तर काय बुडतें, हें त्यांनीं त्याच वहींत मांडून पाहावें. संघानें सभासदांकरितां तेल गाळण्याचा एक फिरता पंप घ्यावा, अशी आमची सूचना आहे. वार्षिक सभेनें तिचा विचार करावा.