तारखा साजऱ्या होतात, देणी थकतात

दिनदर्शिका ही एक निरुपद्रवी वस्तू आहे असा सर्वसाधारण समज आहे. ती भिंतीवर टांगलेली असते, दुधाचा हिशेब तिच्यावर मांडला जातो, आणि वर्ष संपले की ती रद्दीत जाते. वस्तुतः कोणती तारीख लाल शाईने छापावयाची, कोणती बारीक अक्षरांत आणि कोणती मुळीच नाही, हा निर्णय समाजातील सत्तेचे संबंध उघड करणारा असतो. ११ सप्टेंबर ही एकच तारीख घ्यावी. १८९३ मध्ये या दिवशी स्वामी विवेकानंदांनी शिकागोच्या सर्वधर्मपरिषदेत भाषण केले. १८९५ मध्ये पेण तालुक्यातील गागोदे या खेड्यात विनोबा भावे जन्मले. १९०६ मध्ये जोहान्सबर्ग येथील सभेत गांधीजींसह जमलेल्या हिंदी रहिवाशांनी तेथील काळ्या वटहुकमापुढे मान न तुकवण्याची शपथ घेतली आणि सत्याग्रहाचा जन्म झाला. १९७३ मध्ये चिलीतील लोकनियुक्त समाजवादी अध्यक्ष साल्वादोर आयेंदे यांचे सरकार लष्कराने उलथून टाकले. जगाला मात्र ही तारीख माहीत आहे ती २००१ मधील न्यूयॉर्कच्या मनोऱ्यांमुळे. ज्याच्या हाती प्रसिद्धीची साधने असतात, त्याची तारीख जगाची तारीख होते.

हा प्रश्न दूरच्या राजधान्यांपुरता नाही. जुन्या मुंबई–पुणे रस्त्यावर, जेथून कर्जतचा रस्ता फुटतो, तेथे वसलेल्या खालापूर तालुक्यातील चौकलाही तो तितकाच लागू आहे. भाताची कापणी सुरू होते, दसरा-दिवाळीचे वेध लागतात आणि नाक्यावर शुभेच्छांचे फलक दाटी करू लागतात. २८ सप्टेंबरला लता मंगेशकर यांच्या जयंतीनिमित्त त्यांची गाणी दिवसभर वाजतात. १९२९ मध्ये जन्मलेल्या या गायिकेने गिरणगावातील चाळीपासून आदिवासी वाडीपर्यंत सर्वांना आनंद दिला, तेव्हा त्यात वावगे काही नाही. ११ ऑक्टोबरला अमिताभ बच्चन यांच्या वाढदिवसाची चर्चा होते. त्याच तारखेला, १९०२ मध्ये, जयप्रकाश नारायण जन्मले याची आठवण सभागृहातील मूठभर श्रोत्यांपुरती उरते. कार्यकर्त्यांनी याबद्दल जनतेवर रुसण्याचे कारण नाही. लोकांना गाणे हवे असते, नायक हवा असतो. पुरोगामी चळवळीनेही या ऋतूत, २० ऑक्टोबर १९१६ रोजी, जन्मलेल्या अमर शेखांच्या आवाजावर मैदाने भरवली होती. प्रश्न एवढाच की लोकांच्या जिण्याशी ज्या तारखांचा थेट संबंध आहे, त्या तारखा लोकांपर्यंत का पोहोचू नयेत?

१९ नोव्हेंबर १९८२ या तारखेचे उदाहरण बोलके आहे. त्या दिवशी दिल्लीत नवव्या आशियाई क्रीडास्पर्धांचे उद्घाटन झाले. रंगीत दूरचित्रवाणी, अप्पू नावाचा हत्ती, नवी क्रीडागारे हे सारे त्या पिढीच्या स्मरणात पक्के आहे. त्यापूर्वी दोनच महिने, १८ सप्टेंबर १९८२ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने त्याच क्रीडागारांच्या बांधकामावरील मजुरांविषयी एक निकाल दिला, तो मात्र फारसा कोणाला आठवत नाही. त्या मजुरांचे किमान वेतन दिवसाला सव्वानऊ रुपये होते. मजूर आणणारे जमादार त्यांतून रुपया कापून घेत आणि मजुराच्या हाती सव्वाआठ पडत. लोकशाही हक्कांसाठी झगडणाऱ्या एका संघटनेने न्यायमूर्ती भगवती यांना लिहिलेले पत्र हीच याचिका मानली गेली, आणि न्यायालयाने निर्वाळा दिला की किमान वेतनाहून कमी मजुरीवर माणसाला राबवणे ही राज्यघटनेच्या २३ व्या अनुच्छेदाने निषिद्ध ठरवलेली वेठच होय. भूक हीदेखील सक्तीच आहे, पाठीवर कोरडा उगारण्याची गरज नसते, हे तत्त्व त्या निकालाने प्रस्थापित केले.

चौकच्या परिसरात या तत्त्वाचा अर्थ काय, हे शरद ऋतूतच कळते. कर्जत आणि खालापूर तालुक्यांतील कातकरी कुटुंबे पावसाळ्यात शेतावर मिळेल त्या मजुरीवर तगून राहतात. भात कापून झाले की काम आटते. नेमक्या त्याच सुमारास मुकादम वाडीत येतो आणि वीटभट्टीच्या किंवा कोळसाभट्टीच्या हंगामासाठी उचल देतो. दिवाळी या उचलीवर साजरी होते, औषधपाणी तीवर होते, एखादे लग्नही उरकते. मग बिऱ्हाड डोक्यावर घेऊन, मुलाबाळांसह, कुटुंब जिल्ह्यात वा जिल्ह्याबाहेर भट्टीवर जाते. मुलांची शाळा तेथेच थांबते. हिशेब पावसाच्या तोंडावर होतो. वही मालकाची, आकडे मुकादमाचे आणि अंगठा मजुराचा. वर्षाच्या अखेरीस उचल फिटलीच नाही असे पुष्कळांना सांगितले जाते आणि पुढच्या शरदात तेच कुटुंब जुन्या बाकीसह पुन्हा त्याच वाटेने जाते.

हे सारे बेकायदा आहे, आणि आजकालपासून नव्हे. वेठबिगार पद्धत नष्ट करणारा वटहुकूम २४ ऑक्टोबर १९७५ रोजी निघाला. पुढे १९७६ मध्ये त्याचा कायदा झाला आणि त्याचा अंमल २५ ऑक्टोबर १९७५ पासून धरण्यात आला. या कायद्याने अशी कर्जे रद्द झाली, वसुलीचे दावे बंद झाले आणि अशा कर्जापायी माणसाला राबवणे हा तुरुंगवासाचा गुन्हा ठरला. शिवाय कर्ज वेठीचे नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी कायद्याने सावकारावर टाकली. मजुराने पुरावा गोळा करीत फिरावे अशी अपेक्षाच ठेवली नाही. जिल्हा व उपविभाग पातळीवर दक्षता समित्या असाव्यात असेही कायदा सांगतो. इतक्या स्पष्ट कायद्याची वर्षपूर्ती मात्र कोणत्याही दिनदर्शिकेत नाही, आणि समाजवादी चळवळीच्या दिनदर्शिकेतही तिला मानाचे स्थान मिळालेले नाही.

याचे कारण उघडपणे सांगितले पाहिजे. तो काळ आणीबाणीचा होता. वटहुकूम निघाला तेव्हा जयप्रकाश चंडीगड येथे स्थानबद्ध होते, आणि देशभरातील हजारो कार्यकर्ते तुरुंगात होते. वृत्तपत्रांचा गळा आवळणाऱ्या राजवटीने वीस कलमी कार्यक्रमाच्या गाजावाजात जे जाहीर केले, त्याचा गौरव करणे ज्यांनी तुरुंगवास भोगला त्यांना जड जावे हे स्वाभाविक आहे. तथापि कातकऱ्याच्या मानेवरचे जू उतरवणारे कलम कोणाच्या सहीने निघाले, हा प्रश्न कातकऱ्याच्या दृष्टीने गौण आहे. हुकूमशाहीचा निषेध जसाच्या तसा ठेवूनही तिच्या काळात झालेल्या कायद्याचा मजुराच्या बाजूने पुरेपूर वापर करता येतो. तसा तो न करणे म्हणजे राज्यकर्त्यांवरील राग दुबळ्यांवर काढणे होय.

या उपेक्षेचे दुसरे कारण अधिक खोल आहे, आणि त्यासाठी याच ऋतूतील, याच जिल्ह्यातील एका वेगळ्या तारखेकडे पाहावे लागेल. २७ ऑक्टोबर १९३३ रोजी अलिबाग तालुक्यातील चरी येथे नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांची सभा झाली आणि खोतांच्या जमिनी कसावयाच्या नाहीत असा निर्धार करण्यात आला. पंचवीस गावांतील कुळांनी तो निर्धार जवळजवळ सहा वर्षे पाळला. शेते ओस पडली, घरातील धान्य संपले, माणसे जळाऊ लाकडे विकून जगली, पण कोणी खोताच्या बांधावर पाऊल ठेवले नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी या लढ्याला पाठिंबा दिला आणि १७ सप्टेंबर १९३७ रोजी मुंबई कायदेमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. १९३९ मध्ये कुळांना संरक्षण देणारा पहिला कायदा आला, १९४८ मध्ये व्यापक कुळकायदा झाला आणि १९४९ च्या कायद्याने खोतीही गेली. चरीत आधी माणसे उठली आणि त्यांच्या मागून कायदा आला. म्हणून त्या कायद्याला राखणदार मिळाले. आपल्या नावाची नोंद करून घेण्यासाठी तलाठ्याच्या दारात बसणारे कूळ त्यातूनच तयार झाले. वेठबिगारीच्या कायद्याचे उलट झाले. तो वरून उतरला. त्याच्यामागे वाडीवाडीतून उठलेले माणूस नव्हते, म्हणून तो कागदावर शाबूत राहिला आणि भट्टीवर मोडला गेला. ज्या तारखेला माणसे नसतात, ती तारीख साजरी होत नाही आणि पाळलीही जात नाही.

माणसे असूनही देणे थकते, याचे उदाहरण चिरनेरचे आहे. २५ सप्टेंबर १९३० रोजी उरण तालुक्यातील चिरनेर येथे, अक्कादेवीच्या टेकडीवर, जंगल सत्याग्रहासाठी आलेल्या शेतकरी-आदिवासींवर गोळीबार झाला. आठ सत्याग्रही हुतात्मे झाले. मामलेदार जोशी हेही त्या गोळीबारात मृत्युमुखी पडले. हुतात्म्यांमध्ये एक नाव नवश्या महादेव कातकरी असे आहे. ज्या समाजाला गावकुसाबाहेरही हक्काची जागा मिळाली नाही, त्याने स्वातंत्र्यासाठी प्राण दिला. चिरनेरला आज स्मारक आहे, दरवर्षी मानवंदना दिली जाते, भाषणे होतात. पण नवश्या ज्या हक्कासाठी टेकडी चढला, तो जंगलावरचा हक्क मान्य करणारा वनहक्क कायदा संसदेने संमत केला तो २००६ मध्ये, म्हणजे शहात्तर वर्षांनी. आणि आजही अनेक वाड्यांत घर ज्या जागेवर उभे आहे ती जागा राहणाऱ्याच्या नावावर नाही.

या थकबाकीचा अर्थ चौकच्या माणसांना वेगळा सांगावा लागत नाही. गावाच्या डोक्यावर इर्शाळगड आहे. १९ जुलै २०२३ च्या रात्री त्याच्या कुशीतील इर्शाळवाडी या ठाकरांच्या वाडीवर दरड कोसळली. २७ मृतदेह हाती लागले, ५७ माणसे ढिगाऱ्याखालीच राहिली आणि चार दिवसांनी शोध थांबवण्यात आला. वाडीला मोटारीचा रस्ता नव्हता. बचावाची माणसे आणि साहित्य पायवाटेने चढवावे लागले. रस्ता असता तर डोंगर खचला नसता असे कोणी म्हणणार नाही. परंतु वनहक्क कायद्याच्या कलम ३ (२) मध्ये रस्ता, शाळा, अंगणवाडी, दवाखाना, पिण्याचे पाणी अशा तेरा सोयींसाठी, प्रत्येक सोयीला एक हेक्टरपेक्षा कमी, वनजमीन ग्रामसभेच्या शिफारशीने देण्याची तरतूद आहे. डोंगरातील किती वाड्यांनी असे ठराव केले, किती ठरावांचा पाठपुरावा झाला, हा प्रश्न शासनाला विचारावयाचा तसाच तो गावोगावच्या कार्यकर्त्यांनाही विचारावयाचा आहे. १९ जुलैला मेणबत्त्या लावणे सोपे असते. उरलेल्या दिवसांत ग्रामसभेचे इतिवृत्त लिहून घेणे कंटाळवाणे असते. समाजवाद या कंटाळवाण्या कामातूनच येतो.

कर्जतच्या मातीला हे नवे नाही. भाई कोतवाल यांचे स्मरण लोक २ जानेवारीला करतात, कारण १९४३ मध्ये त्या दिवशी सिद्धगडावर ते आणि हिराजी पाटील पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडले. विजेचे मनोरे पाडणारा आझाद दस्ता सर्वांना आठवतो. परंतु माथेरानच्या या तरुण वकिलाने त्याआधी शेतकऱ्यांसाठी धान्यपेढ्या काढल्या होत्या, शाळा चालवल्या होत्या. अडचणीच्या महिन्यांत शेतकऱ्याने सावकाराच्या दारी जाऊ नये, ही त्यामागची दृष्टी होती. शरदात मुकादमाची उचल घेणाऱ्या कातकऱ्याला आज नेमकी तशाच पेढीची गरज आहे. हौतात्म्याचा वारसा सांगणारे पुष्कळ आहेत; धान्यपेढीचा वारसा अद्याप बेवारस पडला आहे.

तेव्हा यंदाच्या शरदात चौक आणि आसपासच्या साथींनी काही तारखा वेगळ्या रीतीने पाळाव्यात. २५ सप्टेंबरला चिरनेरच्या हुतात्म्यांना अभिवादन करून त्याच दिवशी वाडीवाडीत वनहक्काचे प्रलंबित दावे आणि सोयींचे ठराव यांची यादी करावी. २५ ऑक्टोबरपूर्वी, म्हणजे कुटुंबे भट्टीवर जाण्याआधी, कोण कोठे जाणार, किती उचल घेतली, हजार विटांमागे काय दर ठरला, बरोबर मुले किती, याची नोंद वाडीच्याच वहीत करून तिची प्रत मजुराच्या हाती द्यावी. मालकाच्या वहीला उत्तर देणारी दुसरी वही अस्तित्वात आली की पावसाच्या तोंडावरचा हिशेब एकतर्फी राहत नाही. उपविभागाची दक्षता समिती आहे काय, तिची बैठक केव्हा झाली, हे प्रांत कार्यालयात लेखी विचारावे. मुलांना मागे ठेवता येईल अशी राहण्या-जेवणाची सोय कोठे आहे, ती किती मुलांना पुरेल, याचा तपास शाळा बंद होण्याआधी करावा. २७ ऑक्टोबरला या सर्वांचा आढावा घेणारी सभा व्हावी आणि चरीच्या शेतकऱ्यांना तीच श्रद्धांजली ठरावी.

यात मोठी घोषणा नाही, मोर्चाचे छायाचित्रही नाही. नाक्यावर फलक लागणार नाही. पण दिवाळीच्या आधी एखाद्या कातकरवाडीत कोणी वही उघडून बसले आणि मुकादमासमोर आकडा मोठ्याने वाचला गेला, तर पन्नास वर्षांपूर्वी वरून आलेल्या त्या कायद्याला प्रथमच खालून माणसे मिळतील. दिनदर्शिकेवर ती तारीख लाल शाईने छापली जावो वा न जावो, वाडीला ती पाठ होईल.