ते विमान, ती हवाई सुंदरी

मराठीत विमान नपुंसकलिंगी आहे. ते उडते, ते उतरते. हेलिकॉप्टरही ‘ते’च. ‘लिंग ओळखा’ या प्रश्नापुरते आपण हे पाठ करतो आणि विसरतो. पण बोलक्या विमानांची एक कार्टून मालिका मुलांबरोबर पाहताना मला या व्याकरणाची वारंवार आठवण होते. आपल्या भाषेने ज्या यंत्राला स्त्री-पुरुषपणापासून मोकळे ठेवले, त्याला या मालिकेने ‘तो’ आणि ‘ती’ करून टाकले आहे.

मालिकेचे नाव ‘सुपर विंग्स’. २०१४ साली ती दक्षिण कोरियात सुरू झाली आणि चिनी कंपनीच्या भागीदारीतून जगभर पसरली. जेट नावाचे लाल विमान प्रत्येक भागात एका नव्या देशातल्या मुलाला किंवा मुलीला पार्सल पोहोचवते. तिथे काही अडचण येते, जेट मित्राला बोलावतो आणि दोघे मिळून ती सोडवतात. मारामारी नाही, शिवीगाळ नाही. आपल्या मुलांनी पाहावे असेच हे आहे, आणि म्हणूनच त्याकडे नीट पाहिले पाहिजे.

जेट ‘तो’ आहे. बांधकाम आणि दुरुस्ती करणारा डॉनी ‘तो’. कसरती करणारा, स्वतःवर खूश असलेला जेरोम ‘तो’. पोलीस असलेला पॉल ‘तो’. अनुभवी आजोबा अल्बर्ट ‘तो’. विमानतळाच्या मनोऱ्यातून सूचना देणारा जिम्बो हा माणूस आहे आणि तोही पुरुष. पहिल्या मालिकेतल्या ठळक विमानांत मुली दोनच : समुद्रात शिरणारी मीरा आणि संकटात धावून जाणारे बचाव हेलिकॉप्टर डिझी. डिझीचा रंग सांगायला हवा का? गुलाबी. पुढच्या भागांत अवकाशात जाणारी अॅस्ट्रा आली, हे मान्य केले पाहिजे. पण ज्याच्या नावाने गोष्ट सुरू होते तो जेटच राहिला.

कोणी म्हणेल, दोन-तीन वर्षांच्या पोरांच्या कार्टूनमध्ये एवढे काय शोधायचे? माझे म्हणणे उलट आहे. माणसांच्या गोष्टीत आपल्याला निसर्गाची सबब सांगितली जाते. बाई नाजूक, बाई मायाळू, तिचा पिंडच तसा. इथे पिंड नाही. पत्रा आहे, पंखे आहेत, इंजिन आहे. तरीही धाडस एकाला आणि सेवा दुसरीला अशी वाटणी झाली, तर ती निसर्गाने केलेली नाही, माणसाने टेबलाशी बसून केलेली आहे. स्त्रीत्व घडवले जाते हे सांगायला आपल्याला पूर्वी पानेच्या पाने लिहावी लागत. आता हा एक गुलाबी पंखा पुरे.

मीरा-भाईंदरमध्ये मी वस्त्यांतून काम करते. आई घरी बसून खोट्या दागिन्यांचे मणी ओवत असते आणि मूल गप्प राहावे म्हणून त्याच्या हातात मोबाइल असतो. तिला दोष देण्यात अर्थ नाही. पाळणाघर नसेल तर तिने काय करावे? आमच्या बालवाडीत मुले ‘विमान-विमान’ खेळतात, तेव्हा पुढे धावायला मुलगे असतात आणि मुली कोणी पडला की उचलायला जातात. हे सगळे कार्टूनमुळे होते असे मी म्हणणार नाही. घरात, गल्लीत, सणावारी तेच चाललेले असते. कार्टून त्यावर रंगीत शिक्का मारते एवढेच.

आणि हा शिक्का खऱ्या आकाशातही मारलेला होता. भारतीय हवाई दलाने १९९०च्या दशकात स्त्रियांना वैमानिक म्हणून घेतले, ते हेलिकॉप्टर आणि मालवाहू विमानांवर. १९९९च्या कारगिल युद्धात गुंजन सक्सेना जखमी जवानांना हेलिकॉप्टरमधून आणत होत्या. लढाऊ विमानांची दारे मात्र २०१६ साली उघडली; अवनी चतुर्वेदी, भावना कांत आणि मोहना सिंह या पहिल्या तिघी. बचावाचे हेलिकॉप्टर तिचे आणि झेपावणारे जेट त्याचे, ही वाटणी कार्टूनवाल्यांच्या डोक्यात कुठून आली, हे वेगळे सांगायला नको.

नागरी विमानात तर आपल्या वर्तमानपत्रांनी तिला नावच दिले ‘हवाई सुंदरी’. प्रवाशांच्या सुरक्षिततेची जबाबदारी असलेल्या प्रशिक्षित कर्मचारी स्त्रीची ओळख तिच्या रूपावरून! हा केवळ शब्दाचा प्रश्न नव्हता. एअर इंडियाच्या नियमानुसार ही सुंदरी पस्तिसाव्या वर्षी निवृत्त होई. नोकरीच्या पहिल्या चार वर्षांत लग्न केले तर त्याआधी, आणि पहिल्या गरोदरपणाला तर ताबडतोब. नर्गेश मिर्झा आणि त्यांच्या सहकारी याविरुद्ध लढल्या. १९८१ साली सर्वोच्च न्यायालयाने गरोदरपणाची अट रद्द केली, पण चार वर्षे लग्न न करण्याची अट कायम ठेवली. अर्धा विजय होता तो. बरोबरीने ट्रॉली ढकलणाऱ्या पुरुषाला ना वयाची ही अट होती, ना ‘हवाई सुंदर’ असे नाव.

दुसरी बाजूही आहे आणि ती अभिमानाची आहे. नोव्हेंबर १९८५मध्ये कॅप्टन सौदामिनी देशमुख यांनी निवेदिता भसीन यांच्यासह कोलकाता-सिल्चर मार्गावर फोकर फ्रेंडशिप विमान नेले. त्या विमानातले सर्व कर्मचारी स्त्रियाच होत्या. आज भारतातल्या वैमानिकांत स्त्रियांचे प्रमाण बारा ते पंधरा टक्क्यांच्या आसपास आहे, जगाच्या सरासरीच्या दुपटीहून अधिक. म्हणजे वास्तव कार्टूनच्या पुढे गेलेले आहे; मागे आहे ती गोष्ट.

मग आमच्या वस्तीतल्या मुलीचे काय? काशिमिऱ्यापासून मुंबईचा विमानतळ जेमतेम वीस किलोमीटरवर. पण व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्यासाठी बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित हवे, ही अट वर्षानुवर्षे राहिली. शिवाय प्रशिक्षणाचा खर्च अर्ध्या कोटीच्या घरात किंवा त्याहून वर. घरात एकाच्याच सायन्सच्या क्लासचे पैसे असतील, तर ते भावाकडे जातात. कार्टूनमधला जेट ‘ती’ झाला म्हणून हा हिशेब बदलणार नाही, हे मला ठाऊक आहे. पण जी गोष्ट मुलीने कधी खेळातसुद्धा केली नाही, त्यासाठी दहावीनंतर घरात भांडण्याचे बळ ती कुठून आणणार?

म्हणून मैत्रिणींनो, मोबाइल हिसकावून घेऊ नका. कामातून पाच मिनिटे मिळाली तर शेजारी बसा आणि विचारा : हे विमान मुलगा आहे हे तुला कसे कळले? ते गुलाबी का? मनोऱ्यात तुझी मावशी असती तर? मुले उत्तरे देतात, आणि भन्नाट देतात. बालवाडीताईंनी खेळात पाळी लावावी. आज पुढे कोण उडणार हे चिठ्ठीने ठरू दे. आठवी-नववीच्या पालकसभेत मुलीच्या गणिताविषयी मुद्दाम बोलावे. आणि मुलीसाठी असलेल्या शिष्यवृत्तीची चौकशी निकालानंतर नव्हे, आधीच करावी.

आपली भाषा विमानाला ‘ते’ म्हणते. ते कोण उडवणार, हे तिने ठरवलेले नाही. ते आपण ठरवायचे आहे.